सावरझरीची ड्युटी

प्रेमसिंग राठोडला दुसऱ्यांचे चेहरे वाचायची खोड होती. फुलसावंगीच्या एका धर्मादाय मंडळाचा फिरता दवाखाना आहे, त्याच्या दोन गाड्यांपैकी एक तो चालवतो. गाडी चालवणाऱ्याने समोर बघावं, ही साधी गोष्ट. पण याच्या गाडीतल्या आरशाचा कोन असा, की मागचा रस्ता दिसायचा कमी आणि मागे बसलेल्या उर्वशी सिस्टरचं तोंड दिसायचं जास्त. "प्रेमसिंगभाऊ, आरसा नीट करा, मी काही मागून येणारा ट्रक नाही," असं ती अधूनमधून त्याला सुनवायची.

माणूस वाईट नजरेचा नव्हता. त्याला नुसतं कुतूहल. कोण काहून हसलं, कोण काहून गप झालं, हे समजल्याशिवाय त्याच्या पोटातलं अन्न पचायचं नाही. मंडळात कोणाचं भांडण झालं की बाकीचे विचारायचे, चूक कोणाची? हा विचारायचा, भांडण चालू होतं तेव्हा बाकीचे काय करून राह्यले होते?

अशा माणसाला मागच्या वर्षी मंडळाने जन्मभराचं खाद्य पुरवलं. फक्त ते खाद्य त्याच्याच गावाचं निघालं.

प्रेमसिंगचं गाव सावरझरी तांडा. ढाणकीच्या रस्त्याला एक फाटा फुटतो, तिथून कच्च्या वाटेने चढण चढून वर गेलं की तांडा. पोरांच्या शाळेसाठी तो फुलसावंगीला भाड्याच्या घरात राहायला आला. त्याची आई, जमनीबाई, काही आली नाही. "तुझ्या त्या डबड्यात मले वारा लागत नाही," म्हणून तिने विषय मिटवला. म्हातारीला बीपी, वरून साखर. पण तिची गोळी दर गुरुवारी फिरत्या दवाखान्याच्या दुसऱ्या गाडीतून तिच्या दारी पोहोचते, असं प्रेमसिंग धरून चालला होता.

दुसऱ्या गाडीवर ड्रायव्हर विक्की आणि औषध देणारा डोमाजी. विक्की पंचविशीतला, केसांना रोज जेल लावणारा. डोमाजी पन्नाशीचा, शांत, अंगावर काम आलं तर करणारा आणि नाही आलं तर न शोधणारा. रिवाज असा, की गाडी गावात शिरताना लांब हॉर्न द्यायचा, मग माणसं आपापले गोळ्यांचे डबे घेऊन झाडाखाली जमायची. या दोघांनी रिवाजाला एक छोटा फाटा फोडला. गाडी वर न्यायचीच नाही. खाली फाट्यावरच्या ढाब्यासमोर उभी करायची, तिथूनच हॉर्न ठोकायचा, आणि जो धडधाकट माणूस उतरून येईल त्याला गोळ्या देऊन चहा पीत बसायचं. आता धडधाकट माणसाला गोळ्या लागतात कशाला, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही.

हे उघडकीला आलं एका लग्नात. मंडळाचे सचिव भगवानराव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी घंटा त्यांच्या अंगातून सुटली नव्हती. ते सावरझरीला जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीच्या लग्नाला गेले आणि पंगतीत मोठ्या अभिमानाने विचारते झाले, "काय मंडळी, आमची गाडी वेळेवर येते ना?"

"आवाज येते जी वेळेवर," एक म्हातारा म्हणाला. "गाडी काही येत नाही."

भगवानरावांच्या हातातली पुरी हातातच राहिली.

प्रेमसिंगला हे कळलं तेव्हा तो तडक आईकडे गेला. "याडी, तू मले सांगितलं काहून नाही?" जमनीबाई काठी टेकत ती चढण उतरत होती आणि पुन्हा चढत होती, आणि लेकाला मात्र "भेटते रे गोळी" एवढंच सांगत होती. ती म्हणाली, "तुझ्याच मंडळाची गाडी. बोंब मारली असती तर नाव तुझंबी गेलं असतं." प्रेमसिंगला स्वतःची लाज वाटली. जगाचे चेहरे वाचणाऱ्याला आईचा चेहरा वाचता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी सगळ्यांना मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं. विक्की आणि डोमाजी पुढे, माना खाली. भगवानराव म्हणाले, "बाकीची गावं पाळीपाळीने होतील. सावरझरी मात्र आजपासून चुकणाऱ्याची! मी थांब म्हणेपर्यंत दर गुरुवारी जायचं. गाडी वर न्यायची, घरोघर पायी फिरायचं. यापुढे जो कोणी कामात लबाडी करेल, त्याला सावरझरी!"

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात प्रेमसिंगने वाजवल्या. का नाही वाजवणार? आता आईच्या दारात गोळी येणार होती.

गाडीत बसल्यावर त्याची खोड जागी झाली. उर्वशी सिस्टर आज गुणगुणत होती. एरवी ती कोणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हे.

"सिस्टर, तुमचं त्याईनं काही बिघडवलं होतं का?"

"नाही."

"मग एवढा आनंद कायचा होऊन राह्यला?"

उर्वशीने गुणगुणणं थांबवलं. "कसं आहे भाऊ, आपण चिखल तुडवत गावात जातो. अन् ते ढाब्यावर बसून चहा पितात. महिन्याच्या शेवटी आपण अन् ते सारखेच. मले वाटाले लागलं होतं, आपणच येडे आहो. आज वाटलं, नाही, येडे नाही."

हे प्रेमसिंगला फार पटलं. एकाला शिक्षा होते आणि दहा जणांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, ही गंमत त्याने पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. पण त्याने आणखी एक पाहिलं होतं. टाळ्या वाजवताना दोघं-तिघं इकडेतिकडे बघत होते. ज्यांना स्वतःच्या चहाच्या टपऱ्या आठवत होत्या, ते जास्त जोरात वाजवत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

पुढचे काही दिवस मंडळात रामराज्य आलं. गाड्या वेळेवर सुटू लागल्या. कोणी उशिरा आला की दुसरा म्हणे, "सावरझरी पाहिजे का?" झाडणारी बाई कोपरा विसरली, "सावरझरी!" चहात साखर कमी पडली, "पाठवा याले सावरझरीले!" मोबाइलवरच्या ग्रुपवर कोणीतरी विक्कीचा डोंगर चढतानाचा फोटो टाकला, खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. पहिल्या दिवशी प्रेमसिंगही हसला. नंतर त्याला हसू येईना. एकदा एका पोराने खेळताना दुसऱ्याला दटावलं, "ए, सावरझरी होईन तुही!" जिथं प्रेमसिंग जन्मला, जिथं त्याच्या बापाची माती झाली, त्या गावाचं नाव शिवीसारखं तोंडी बसलं होतं. आणि पहिली टाळी त्याचीच होती.

मग गोष्टीला वळण लागलं. विक्कीचा मामा मंडळाचा मोठा देणगीदार. ती दुसरी गाडी त्यानेच घेऊन दिलेली. विक्कीच्या पाठीत लचक भरली, ती पण नेमकी चढणीचा रस्ता न सोसणारी म्हणे. त्याला ऑफिसात पंख्याखाली बसवलं. सावरझरीला एकटा डोमाजी राहिला, बदली ड्रायव्हर घेऊन.

आणि प्रेमसिंगने काय पाहावं! ज्यांनी टाळ्या पिटल्या, तीच माणसं आता "बिचारा डोमाजी" म्हणू लागली. त्याच्यासाठी डब्यात जास्तीची भाकर येऊ लागली. विक्की आत आला की गप्पा थांबायच्या. डोमाजीचा गुन्हा तोच होता, शिक्षाही तीच होती. बदलली होती फक्त विक्कीची. तेवढ्याने डोमाजी लबाडाचा बिचारा झाला. प्रेमसिंग रात्री बायकोला म्हणाला, "लोकं शिक्षेचं वजन हातात घेऊन पाहत नाहीत. शेजारच्याच्या हातात किती आहे, थे पाहतेत." बायको म्हणाली, "हे समजायले तुम्हाले एवढे दिवस लागले? आमच्याकडं सासऱ्यानं लुगडी वाटली तेव्हाच मले समजलं होतं."

खुद्द डोमाजीला मात्र कोणाची कीव नको होती. ढाणकीच्या रस्त्यावर एकदा दोन्ही गाड्या समोरासमोर थांबल्या तेव्हा प्रेमसिंगने त्याला गाठलंच.

"कसं वाटून राह्यलं डोमाजीभाऊ, आमच्या गावात?"

डोमाजी हसला. "सांगू का? पहिल्या दिवशी मले वाटलं, तुही माणसं मले जोड्यानं मारतीन. तुमच्या नायकानं मले खाटेवर बसवलं. गुळाचा खडा दिला, पाण्याचा लोटा समोर ठेवला. म्हणे, आमच्या तांड्यात चुकलेल्या माणसानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, मग पाणी प्यायचं. मी सर्वायसमोर सांगितलं, मी खाली बसून हॉर्न वाजवत होतो. पेलो पाणी. तवापासून कोणी एक शब्द काढला नाही. माही वाट पाहतेत तिथं. अन् इथं? इथं मले थेच पाणी रोज पाजतेत."

प्रेमसिंगला तो रिवाज लहानपणापासून ठाऊक होता. तांड्याचा नायक, लखू नायक, न्याय करायचा तो असाच. पाणी प्यालं की संपलं. नंतर जो ती गोष्ट काढेल, त्यालाच उलट खाटेवर बसावं लागे.

मंडळातली कुरकुर भगवानरावांच्या कानावर गेली. माणूस खोटा नव्हता. विक्कीला सोडलं आणि डोमाजीला धरलं हे त्यांनाही टोचत होतं. विक्कीला पुन्हा डोंगरावर पाठवायची मात्र छाती होईना. म्हणून त्यांनी सोपा मार्ग काढला आणि डोमाजीचीही शिक्षा माफ केली. सगळे खूश झाले. डोमाजीला पेढा भरवला.

त्या गुरुवारी सावरझरीला कोणीच गेलं नाही.

पुढच्या गुरुवारीही नाही. प्रेमसिंगने विचारलं, तेव्हा भगवानराव टेबलावर पेन्सिल आपटत म्हणाले, "अरे, सध्या सगळे नीट वागतायत. चुकलेलं कोणी नाही, तर पाठवू कोणाला?"

हे बोलताना त्यांचा चेहरा इतका सरळ होता, की प्रेमसिंगला हसावं की डोकं आपटावं कळेना. दुसऱ्या कोणाला पाळीने पाठवायचं म्हटलं, तर तो अंगावर यायचा, "मी काय चोरी केली?" प्रेमसिंग डोमाजीकडे गेला. डोमाजीने मान खाली घातली. "मले आवडतं रे तिथं. पण माह्या दिपालीले पाहून राह्यले. महागावच्या पाहुण्याईनं इचारलं, मुलीचे बाबा सावरझरीच्या गाडीवर काहून होते? आता पुन्हा गेलो तर पोरीचं जमन का?" त्याला काय बोलणार? बापच तो.

माणसं जितकी शहाण्यासारखी वागत होती, तितका तांडा औषधाविना राहत होता. असा हा मंडळाचा न्याय.

इकडे जमनीबाई गोळी मोडून अर्धी अर्धी घेत होती, म्हणजे पुरेल. प्रेमसिंगने फुलसावंगीहून तिच्यापुरत्या गोळ्या नेऊन दिल्या, तर तिने त्या शेजारणीला वाटल्या. "तिचं कोण हाय?" म्हणाली. एक दिवस हातपंपावर तिला भोवळ आली. कळशीसकट खाली बसली. लोकांनी उचलून घरी आणलं. प्रेमसिंगच्या लक्षात आलं, आपल्या एकट्या आईपुरत्या गोळ्या नेऊन भागणार नाही. गाडीच गेली पाहिजे.

तो भगवानरावांपुढे उभा राहिला. "सर, मले सावरझरी द्या."

"का? तू काय केलंस?"

"काहीच नाही."

"मग कशी देऊ? निर्दोष माणसाला शिक्षा दिली तर माझ्या शब्दाला किंमत काय राहील? जा, कामाला लाग."

त्या गुरुवारी ढाणकीकडची गावं आटोपून गाडी परत येत होती. सावरझरीचा फाटा आला, आणि प्रेमसिंगने चाक वळवलं. गाडी कच्च्या वाटेवर हिंदकळायला लागली, तशी उर्वशी दचकली.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"चूक करून राह्यलो, सिस्टर."

प्रेमसिंगला वाटलं, ही आता फोन लावते. तिने बीपीचं मशीन मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "मग नीट करू."

संध्याकाळपर्यंत दोघं घरोघर फिरली. सोमवारी प्रेमसिंगला शेडमध्ये उभं केलं. उर्वशीला त्याने मध्ये येऊच दिलं नाही. भगवानराव खरंच चिडले होते. "परवानगीशिवाय गाडी नेली! डिझेल मंडळाचं! उद्या प्रत्येक जण आपापल्या गावी गाडी नेईल! प्रेमसिंग, सावरझरी!" आणि प्रेमसिंगने शेडभर नजर फिरवली. टाळी वाजवावी तर कोणाचा हात उठेना, बिचारा म्हणावं तर हा मिशीत हसतोय. इतके गोंधळलेले चेहरे त्याने उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. जत्रेत फिरावं तसा तो त्या चेहऱ्यांमधून फिरला. त्याला वाटलं, जिंकलो.

गुरुवारी गाडी तांड्यावर उभी राहिली, तर लखू नायकाने खाट टाकून ठेवली होती. बातमी आधीच पोहोचली होती, की यावेळी आपलाच पोरगा शिक्षेवर आला. आपला असला म्हणून काय झालं, रिवाज तो रिवाज. गुळाचा खडा आला, लोटा आला. माणसं गोल बसली. जमनीबाई काठी घेऊन पुढेच होती. बोलणं सगळं बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत झालं, मराठीत सांगायचं तर असं:

"सांग बेटा, काय चूक झाली?" नायक म्हणाला.

"न विचारता गाडी नेली," प्रेमसिंग अजून मजेतच होता.

"कुठं नेली?"

"इथं."

माणसं हसली. जमनीबाई हसली नाही. तिने विचारलं, "इथं आणली, ही चूक?"

"हो, याडी."

"अन् तिची शिक्षा काय?"

प्रेमसिंगच्या तोंडचं हसू गेलं. "दर गुरुवारी इथं यायचं."

म्हातारी काठीवर हनुवटी टेकून लेकाकडे बघत राहिली. रागाने नाही. खरंच तिला समजून घ्यायचं होतं. "मग आम्ही कोण रे? तो डोमाजी चांगला माणूस, तो आला शिक्षा म्हणून. तू माझा पोरगा, तू आला शिक्षा म्हणून. आम्ही जन्मापासून इथं राहतो. आमच्या हातून काय झालं होतं?"

लोटा तसाच राहिला. प्रेमसिंगला चूकच नीट सांगता आली नव्हती, तर पिणार कशाच्या जोरावर?

शनिवारी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्याने आईचा प्रश्न जसाच्या तसा भगवानरावांना विचारला. आवाज चढवला नाही. विक्की मोबाइल बघत होता, त्याने मोबाइल खिशात घातला. डोमाजीने डोळे पुसले. भगवानरावांनी आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले होते, उत्तर येत नसलं की पोरगा कसा उभा राहतो हे त्यांना पाठ होतं. आज ते स्वतः तसे उभे राहिले. मग म्हणाले, "गुरुवारी मी येतो."

आले. पांढरा सदरा, हातात छत्री, चढणीवर गाडीच्या दांडीला घट्ट धरून. ते तांड्याला चार शब्द समजावून सांगायला निघाले होते. भाषणही तयार असावं, कारण ओठ हलत होते.

लखू नायकाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक, की त्या गाडीतून जो येतो तो चुकलेला असतो. त्याने मोठ्या माणसाला शोभेल अशी खाट टाकली, वर गोधडी अंथरली. भगवानरावांना बसवलं, हातावर गूळ ठेवला, लोटा पुढे सरकवला आणि फार मायेने विचारलं, "गुरुजी, तुमच्या हातून काय झालं?"

प्रेमसिंग धावला. "नायक, थे तसे नाही आले..."

भगवानरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. चष्मा काढला. गोल बसलेल्या माणसांकडे एकेक करून बघितलं. ओठांवरचं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"चूक माझ्या माणसांची होती," ते म्हणाले. "तिची शिक्षा मी तुमच्या गावाच्या नावावर लिहिली. असं झालं माझ्या हातून."

जमनीबाईने काठी बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी लोटा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"प्या गुरुजी," ती म्हणाली. "संपलं. आता कोणाले तरी आमचं बीपी पाहाले सांगा, दुपार होऊन राह्यली."